काकीच्या रायफलची मूठ

काकीला काही विचारायचं असेल तर प्रश्न आधी मनात दोनदा घोळवून घ्यावा, हे मला तिच्या घरी भाड्यानं राहायला गेल्यावर पहिल्याच महिन्यात कळलं. खोली बघायला गेलो तेव्हा मी मोठ्या शहाण्यासारखं विचारलं होतं, "काकी, इथे विंचू निघतात का?" काकी म्हणाली, "नाय." मी निर्धास्त होऊन सामान टाकलं. थोड्याच दिवसांनी जेवायला बसलो असताना वाशावरून एक धामण माझ्या ताटाशेजारी धपकन पडली. मी ताट, पाणी, अब्रू सगळं तिथेच टाकून अंगणात. काकीनं धामण काठीवर घेतली, कुंपणापलीकडे सोडली आणि हात धूत म्हणाली, "तुम्ही इंचवाचं इचारलं होतंत, मास्तर."

ती खोटं कधीच बोलत नसे. विचारलं तेवढंच सांगत असे, आणि जे सांगितलं ते पुरं करत असे. एवढे दोनच गुण होते, पण त्या दोन गुणांनी तिनं आख्ख्या वाडीला जेरीस आणलं होतं.

मी तेव्हा महाडला एका आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवत होतो. महाडातल्या माझ्या खोलीत पुराचं पाणी शिरून गेलं होतं, म्हणून मला उंचावरची जागा हवी होती. मग ती पोलादपूरच्याही पुढे, सावित्रीपासून चांगली चढावर मिळाली. रोज मोटरसायकलवरून हायवेची धूळ खात जायचं आणि यायचं. घर काकीचं, पुढची खोली माझी, मागच्या अर्ध्या घरात काकी आणि तिची रायफल.

होय, रायफल. काकी सत्तरीला टेकलेली, ठेंगणी, लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुलशर्ट आणि पायात रबरी बूट. दिवस कलला की ती बांधावर फेरी मारायला निघे, एका खांद्यावर रायफल आणि दुसऱ्या खांद्यावर छत्री. भर उन्हाळ्यातसुद्धा. मी एकदा विचारलं, छत्री कशाला? म्हणाली, "तोल ऱ्हातो."

रायफल मूळ नवऱ्याची, पीक राखायच्या परवान्यावरची. तो गेल्यावर लोकांना वाटलं, आता म्हातारी ती जमा करील. काकीनं परवाना स्वतःच्या नावावर मागितला. कचेरीतला माणूस हसला म्हणे. काकी त्याला म्हणाली, "डुक्कर काय बाई बघून मागं फिरतो?" तो हसायचा थांबला, पण परवाना मिळायला बरेच हेलपाटे पडले. ते तिनं घातले. पुढे निवडणुका आल्या की नियमाप्रमाणे रायफल पोलीस ठाण्यात जमा करावी लागे, आणि जमा केल्यावर काकी रोज सकाळी ठाण्यात हजर. "कोरडी हाय ना?" एवढं विचारायची आणि परत यायची. शेवटी तिथला हवालदार तिला लांबून बघितलं की खिडकीतूनच ओरडायचा, "कोरडी आहे, काकी, कोरडी आहे."

माझ्या मुक्कामात तिनं एकही डुक्कर मारलं नाही. मारायचं तर वेगळी परवानगी लागते, आणि तिला मारण्यात रसही नव्हता. रानडुकरं वालाच्या आणि रताळ्यांच्या वाफ्यांत उतरायला लागली की ती समोरच्या मातीच्या दरडीत एक बार काढायची. आवाज दरीत फिरून परत यायचा आणि कळप पलीकडच्या रानात जायचा. सकाळी ती वाफे बघून येई आणि मला सांगे, "पाव्हणे आलेले. चार घास खाऊन गेले." खाण्याबद्दल तिची तक्रार नसे, नांगरून टाकण्याबद्दल असे.

त्या एका बारावर वाडीतली बाकीची शेतंही राखली जात. त्याच्या आधी कोणीतरी कणकेच्या गोळ्यात दारू भरून गावठी बॉम्ब पेरले होते. डुकराऐवजी शेजारच्या गाईनं गोळा चावला. काकीनं ती गाय बघितली. मग ती घराघरात गेली आणि सांगून आली, की माझ्या रायफलचा आवाज येतो तोवर असलं काही रानात ठेवायचं नाही. लोकांनी मानलं. काकीचं न मानणं फार त्रासाचं असे.

तिच्या शब्दाचा एक नमुना सांगतो. खालच्या घरातल्या भावकीतल्या माणसाशी तिचं बांधावरून वाजलं होतं आणि ती बोलून गेली होती, की तू माफी मागेपर्यंत तुझ्या अंगणात पाय ठेवणार नाही. त्यानं माफी काही मागितली नाही. काकी वर्षानुवर्षं ओढ्याकडून वळसा घालून जात राहिली. पुढे त्या घरात मुलीचं लग्न निघालं, मांडव अंगणात. काकी नवं लुगडं नेसून गेली आणि रस्त्यावर उभी राहिली. मंगलाष्टकं सुरू झाली तशी तिनं कुंपणावरून अक्षता टाकल्या. नवरी रडत बाहेर आली, काकीनं तिला रस्त्यावरच आहेर केला, पाठीवरून हात फिरवला आणि रस्त्यावरच बुंदी खाऊन घरी आली. जेवण चांगलं झालं होतं, असं मला सांगितलं.

असा शब्द तिनं स्वतःच्या मुलालाही दिला होता, आणि तिथेच सगळी गोम होती.

मुलगा मुंबईला लिफ्ट बसवायच्या कामावर. सणावाराला यायचा, आला की पूर्वी पहिला प्रश्न, "आई, कधी येतेस? जागा हाय, बाथरूम घरात हाय, डॉक्टर बाजूला हाय. टेन्शन नाय." बाप गेला तेव्हा त्यानं फारच हट्ट धरला, तेव्हा काकी म्हणाली होती, "ही रायफल बंद पडंल आणि परत चालू होनार नाय असं होईल, त्या दिवशी घराला कुलूप लावीन नि तुज्यासंगं येईन." त्यानंतर तो प्रत्येक खेपेला फक्त एवढंच विचारी, "रायफल चालते ना?" काकी म्हणे, "चालते." मग दोघं जेवायला बसत. मला तो माणूस आवडत नव्हता, खरं सांगतो. मला वाटे, याचा डोळा जमिनीवर आहे. त्या भागात शेतघरं बांधायला गिऱ्हाइकं हिंडायला लागलीच होती.

आणि एका थंडीत रायफलची मूठ तुटली.

इथे जरा समजावून सांगायला हवं. ही बोल्टची रायफल. बोल्ट म्हणजे दाराच्या कडीसारखा पोलादी दांडा, त्याला बाजूला मूठ. मूठ वर उचलायची, मागे ओढायची, काडतूस घालायचं, पुढे ढकलायची, खाली दाबायची. मूठ नसेल तर कडी उघडत नाही आणि रायफल म्हणजे नुसती लोखंडाची काठी.

काकी सकाळी माझ्या दारात उभी राहिली. एका हातात रायफल, दुसऱ्या हातात मूठ. "बगा," म्हणाली.

"कशानं झालं?"

"वरवंट्यानं."

मी डोक्याला हात लावला. आमच्याकडे पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून कोयत्यापासून कुलपापर्यंत सगळ्याला खोबरेल चोपडतात. काकीनं बोल्टला चोपडलं होतं, सढळ हातानं. महाबळेश्वराच्या पायथ्याशी पौषात खोबरेल बाटलीत दगड होतं, तसं ते बोल्टमध्ये झालं होतं. "तेल गोठलेलं. उघडंना. मारला वरवंटा," काकी म्हणाली. मी तिला बोलून घेतलं. रायफल थोडा वेळ उन्हात ठेवायची, एवढं सुचू नये? ती गप्प ऐकत होती. काकी गप्प ऐकते आहे याचंच मला आश्चर्य वाटायला हवं होतं.

बातमी वाडीत पसरायला किती वेळ लागतो. जो तो सल्ला द्यायला आला. हायवेला वेल्डिंगवाला आहे, ट्रॅक्टरचे नांगर जोडतो, ही बारकीशी मूठ काय, चहा पिऊन होईतो लावून देईल. काकी निघालीसुद्धा होती. मी रस्त्यात आडवा झालो. बोल्टच्या पुढच्या टोकावर बाराचा सगळा दणका येतो, ते टोक कारखान्यात पाणी देऊन कडक केलेलं असतं. मागे मूठ जोडताना दांडा लालभडक झाला की पुढचं पाणी उतरणार आणि एखाद्या बाराला बोल्टच तोंडावर येणार.

"म्हंजे कोयत्यासारकंच," काकी म्हणाली. "मग तुम्ही करा."

मी म्हणालो, "परवान्याशिवाय मी बंदूक दुरुस्त केली तर माझी नोकरी जाईल आणि आपण दोघं आत जाऊ."

"मग ज्याला परवाना हाय तो बगा."

माघात वाडीची जत्रा होती आणि जत्रेला मुलगा येणार होता. येणार आणि तोच प्रश्न विचारणार. काकी उत्तर देणार, आणि ते खरं असणार. मी तिला म्हणालो, तुटली म्हणजे बंदच पडली ना, तुमचा शब्द तर आताच लागू झाला. काकी म्हणाली, "तुटली म्हंजे बंद नाय. दुरुस्त होत नाय असं जानकारानं सांगितलं तर बंद."

बंदूक दुरुस्तीचा परवाना असलेलं दुकान साताऱ्याला सापडलं. जिल्ह्याबाहेर न्यायची परवानगी काढण्यात काही दिवस गेले. मग मी रजा टाकली आणि आम्ही पोलादपूरहून सकाळची एसटी धरली. रायफल तिनं गोधडी कापून शिवलेल्या खोळीत घातली होती. शेजारच्या सीटवर ती आडवी ठेवून काकीनं कंडक्टरला सांगितलं, की हिनं जागा अडवली आहे, हिचंही तिकीट फाडा. कंडक्टरनं खोळीकडे बघितलं, परवाना बघितला, काकीकडे बघितलं आणि आंबेनळीचा घाट संपेपर्यंत तो आमच्या बाजूला फिरकला नाही.

दुकानदार साठीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं बोल्ट काढून दिव्याखाली धरला. "जुनं मॉडेल आहे. नवा बोल्ट मागवायचा तर कारखान्याला लिहावं लागेल, आणि बसवताना मापं जुळतीलच असं नाही. माझं ऐका, ही तर आता होणार..."

"थांबा," काकी म्हणाली. "येळ लागंल म्हना. परवडनार नाय म्हना. होनार नाय असं म्हनू नका. तुम्ही जानकार. तुम्ही तसं म्हनालात तर मला घराला कुलूप लावावं लागंल."

तो तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी त्याला दोन वाक्यांत मुलाला दिलेला शब्द सांगितला. तो म्हणाला, "बरं. मग मी काहीच म्हणत नाही. तुम्ही चहा घ्या आणि जा."

"मी बसते," काकी म्हणाली.

ती बसली. पिशवीतून भिजवून मोड आणलेल्या कडव्या वालांचं फडकं काढलं आणि तिथेच, काचेच्या कपाटांपुढे, वाल सोलायला लागली. एक छर्ऱ्यांच्या बंदुकीचं गिऱ्हाईक आलं, काकीनं पाय आखडून त्याला वाट दिली. कोणी शस्त्रपूजेची तलवार घासायला घेऊन आला, त्याला तिनं मूठभर वाल सोलायला दिले आणि त्यानं ते मुकाट्यानं सोलले. मला लाज वाटत होती. दुकानदार आतल्या बाकावर जाऊन दुसरंच काही करत होता, पण त्याची नजर पुन्हा पुन्हा आमच्या बोल्टकडे जात होती, हे मला दिसत होतं. कारागिराला तुटकी वस्तू समोर ठेवून स्वस्थ बसवत नाही.

शेवटी त्यानं भिंग घेतलं. बराच वेळ बघून म्हणाला, "ही एका फटक्यात तुटलेली नाही. बघा." मी बघितलं. मुठीच्या खालच्या अंगाला ठोक्यांच्या बारीक खुणा होत्या, एकावर एक, काही जुन्या, काही ताज्या. कोणीतरी फार दिवस ही मूठ खालून ठोकून वर उचलत होतं. खोबरेल त्या एका सकाळी गोठलं असेल, पण खुणा तर भर उन्हाळ्यापासूनच्या दिसत होत्या. मूठ तुटली त्या दिवशी काकीला बोललो होतो, तेव्हा तिनं सगळं निमूट ऐकून घेतलं होतं. ते का, ते मला तिथे, त्या दुकानात कळलं.

दुकानदार काकीपुढे येऊन बसला आणि हात पुढे केला. "आजी, माझा हात दाबा. जोरात."

काकीनं डावा हात पुढे केला.

"उजवा," तो म्हणाला.

फडक्यावरचे वाल काकीनं बाजूला सारले. उजवा हात त्याच्या हातात दिला. तिच्या मनगटाची शीर ताठली, पण त्याची बोटं जराही हलली नाहीत.

"कधीपासून?"

"दोन पावसाळे झाले. तांब्या पन धरवत नाय."

"मुलाला ठाऊक आहे?"

"त्यानं इचारलं नाय," काकी म्हणाली. मग जरा थांबून, "मी शब्द रायफलचा दिलाय. हाताचा नाय."

वरवंट्यावरून मी तिला जे बोललो होतो ते सगळं मला परत घ्यावंसं वाटलं. दुकानदार उठला, आत गेला आणि पोलादाची एक जाड सळई घेऊन आला.

पुढचं काम मी जवळून बघितलं, कारण ओली चिंधी धरायला त्यानं मलाच बसवलं. त्यानं जुनं थोटूक घासून साफ केलं. बोल्टचं पुढचं टोक ओल्या चिंधीत गुंडाळलं. दोन टाके मारायचे आणि थांबायचं. चिंधी पुन्हा भिजवायची, बोट लावून बघायचं, मग आणखी दोन टाके. मीही असंच केलं असतं, फक्त मला एवढा धीर निघाला नसता. आणि मूठ त्यानं मापाची केलीच नाही. जुनी होती त्याच्या दीडपट लांब ठेवली, टोकाला लिंबाएवढा गोळा. लांब दांडा म्हणजे कमी जोर, हे साधं गणित मी रोज पोरांना पान्याच्या बाबतीत शिकवतो. दिसायला ते ध्यान दिसत होतं. खोट्या काडतुसानं माप तपासून त्यानं रायफल काकीच्या मांडीवर ठेवली. काकीनं उजव्या हाताची दोन बोटं गोळ्याखाली घातली आणि बोल्ट उघडला. बंद केला. पुन्हा उघडला. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे.

"पहिला बार लांबून काढा, दोरी बांधून," तो म्हणाला.

सोललेले वाल काकीनं फडक्यासकट त्याच्या बाकावर ठेवले. बिरड्याला नारळ कसा वाटायचा आणि गूळ किती, हे सांगूनच ती पायरी उतरली.

जत्रेच्या दिवशी मुलगा आला. पिशवी ओटीवर ठेवली आणि विचारलं, "रायफल चालते ना?"

"आता बगू," काकी म्हणाली.

अर्धी वाडी बांधावर जमली होती. रायफल आंब्याच्या बुंध्याला बांधली, तोंड दरडीकडे. खटक्याला दोरी. सगळ्यांना मागच्या बांधाआड बसवून मी दोरी ओढली. बार झाला, दरीत फिरला, परत आला. मी जाऊन बोल्ट बघितला, तडा नाही, काही नाही. एवढ्यावर कोणाचंही समाधान झालं असतं. काकीनं दोऱ्या सोडल्या, रायफल खांद्याला लावली, दोन बोटांनी ती ध्यान मूठ उचलून काडतूस घातलं आणि दुसरा बार स्वतः काढला. खालच्या घरातून भावकीतली एक बाई ओरडली, "काकी, झाली काय गो चालू?" "झाली," काकी म्हणाली.

मुलगा सगळा वेळ तिच्या हाताकडे बघत होता. त्यानं पुढे होऊन मूठ चाचपली. "ही येवढी लांब कशाला?"

"दुकानदारानं केली," काकी म्हणाली. यात खोटं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याला वीर स्टेशनवर मुंबईची गाडी धरायची होती. मी त्याला मोटरसायकलवर सोडायला गेलो. वाटेत तो काही बोलला नाही आणि मलाही त्याच्याशी बोलायची हौस नव्हती. मनात म्हटलं, गेला हिरमुसून, जमीन हातची गेली. गाडीला वेळ होता, आम्ही फलाटावर बाकावर बसलो.

तो म्हणाला, "मास्तर, आईच्या उजव्या हातात काय ऱ्हायलं नाय ना?"

मी गाडी येतेय का ते बघायला मान वळवली.

"गनपतीतच दिसलं मला. मोदकाच्या पाऱ्या डाव्या हातानं करत होती. मी तिथंच बसलेलो." त्यानं पिशवीचा बंद दोनदा बोटाला गुंडाळला आणि सोडला. "तिकडं नेलं तर चौथ्या मजल्यावर बसंल खिडकीत. जगंल, पन बसंल."

"मग एकदा सरळ तिलाच विचारायचं होतंत, हाताचं."

"इचारलं तर ती खरं सांगंल ना, मास्तर," तो म्हणाला. "मग न्यायला लागंल."